खिसा दाखवा, मग भाव सांगतो

माझी बायको पुण्याची. कागदोपत्री ती कॉमर्सची पदवीधर आहे, पण तिचं खरं शिक्षण तुळशीबागेत झालं. लग्नानंतरच्या पहिल्याच खरेदीला तिने मला, सांगलीकडच्या सरळमार्गी माणसाला, दुकानाबाहेर उभं करून धडे दिले होते. आत जाताना पाकीट दिसता कामा नये. जी वस्तू आवडली आहे तिच्याकडे बघायचं नाही, तिच्या शेजारणीकडे बघायचं. भाव ऐकला की आधी हसायचं, मग निम्मा सांगायचा, आणि दुकानदाराने कपाळाला हात लावला की वळून चालू लागायचं. "मोजून सातव्या पावलाला हाक येते," ती म्हणाली होती. त्या दिवशी हाक चौथ्यालाच आली आणि ती रात्रीपर्यंत हळहळत राहिली. लवकर आलेली हाक म्हणजे आपला आकडा चढा होता.

हीच बाई गेल्या ऑक्टोबरात न्यू जर्सीतल्या एडिसनमधल्या आमच्या स्वयंपाकघरात लॅपटॉपसमोर बसली होती. लेक शाळेच्या शेवटच्या वर्षाला. कॉलेजच्या आर्थिक मदतीसाठी अर्ज भरायचा होता. बायकोने तो वरपासून खालपर्यंत वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, "म्हणजे यांनी भाव सांगायच्या आधी आपण पाकीट उघडून ओट्यावर ठेवायचं?"

"हो."

"नोटा मोजून दाखवायच्या?"

"नोटा, बँका, शेअर. वर सही करायची."

"मग घासाघीस कशाची करायची?"

याचं उत्तर तेव्हा माझ्याकडे नव्हतं.

अमेरिकेतल्या कॉलेजचा भाव ही गूढ गोष्ट आहे. बऱ्याच नामांकित खाजगी कॉलेजांचा छापील खर्च आता वर्षाला ९०,००० डॉलरच्या पुढे गेला आहे. त्यात फी, खोली, जेवण, पुस्तकं आणि 'इतर' येतं, आणि या 'इतर'मध्ये नेमकं काय येतं ते चार वर्षांनी पदवीसोबतच कळत असावं. हा आकडा ऐकून माणूस आधी खुर्ची शोधतो. पण छापील भाव सगळेच देत नाहीत. खाजगी कॉलेजं पहिल्या वर्षाच्या मुलांना फीमध्ये सरासरी निम्म्याहून जास्त सूट देतात. पाटी हजाराची, माल साडेचारशेला. भिंतीवर आयव्हीची वेल चढवलेली तुळशीबागच म्हणा. फक्त आपल्याकडचा दुकानदार गिऱ्हाइकाची ऐपत चपलेवरून ओळखतो, आणि इथल्या दुकानदाराला तुमचं टॅक्सचं रिटर्न थेट कर खात्याकडून पोचतं.

या अर्जाचं नाव फॅफ्सा. सांगलीला आईला फोनवर म्हटलं, "आम्ही फॅफ्सा भरतोय," तर तिने विचारलं, "कुठल्या डब्यात?" तिला वाटलं, दिवाळीचं काहीतरी नवीन निघालं असेल. नावातला पहिला 'एफ' म्हणजे 'फ्री'. मदत फुकट असं नव्हे, अर्ज फुकट. केंद्र सरकारची मदत, बऱ्याच राज्यांची मदत आणि कॉलेजांची स्वतःची मदत, सगळ्यांची वाट या एका अर्जावरून जाते.

अर्जाला उत्पन्न हवं असतं ते दोन वर्षांपूर्वीचं. २०२६ साली कॉलेजला जाणाऱ्या मुलीच्या बापाने २०२४ साली काय कमावलं, ते. २०२४ साली मला बोनस मिळाला होता आणि माझा गुडघा शाबूत होता. २०२५ साली बोनसच्या जागी आभाराचं एक ई-मेल आलं आणि गुडघ्याच्या जागी फिजिओथेरपीचं बिल. पण अर्जाला माझ्याशी बोलायचंच नव्हतं. त्याला तो २०२४ मधला, जिने धडाधड चढणारा, बोनसवाला गृहस्थ हवा होता.

बँकेतली शिल्लक मात्र विचारतात ती अर्ज भराल त्या दिवशीची. उत्पन्न शिळं, शिल्लक ताजी. इथे बायकोचे डोळे पहिल्यांदा चमकले. तिने भिंतीवरचं कालनिर्णय काढून आणलं. लक्ष्मीपूजनाच्या आसपास अर्ज भरायचा नाही, हे तिने आधीच ठरवलं. घराचा हप्ता एक तारखेला जातो. क्रेडिट कार्डाचं बिल तीस तारखेला. आणि न्यू जर्सीतला मालमत्ता कर, जो अख्ख्या देशात चढा म्हणून प्रसिद्ध आहे, तो तिमाही असतो आणि त्यातला एक हप्ता १ नोव्हेंबरला येतो. "लक्ष्मी घरात असेल तेव्हा तिची पूजा करायची," बायको म्हणाली, "आणि ती बाहेर पडली की अर्ज." त्याप्रमाणे तुळशीच्या लग्नाच्या संध्याकाळी, आमचं खातं ऐन वैशाखातल्या विहिरीसारखं झालेलं असताना, आम्ही शिल्लक लिहिली. हे पूर्ण कायदेशीर आहे. बिलं वेळेवर भरणं हा कुठल्याच देशात गुन्हा नाही.

हा अर्ज आताशा सोपा झाला आहे, असं सगळे सांगतात. पूर्वी त्यात शंभराहून जास्त प्रश्न होते. २०२० च्या डिसेंबरात अर्ज सोपा करण्याचा कायदा झाला. सोपा करायला तीन वर्षं लागली, आणि एरवी ऑक्टोबरात उघडणारा अर्ज २०२३ साली उघडला तो थेट ३० डिसेंबरला, तोही थोड्या वेळापुरता. किल्ली फिरवून दार नीट लागतंय का बघतात तसा. मग लक्षात आलं, की कुटुंबाच्या खर्चासाठी उत्पन्नातून जी वजावट द्यायची, तिच्यात महागाईची वाढ धरायची राहूनच गेली. ती दुरुस्त केली तेव्हा मुलांच्या पदरात १८० कोटी डॉलरची जास्तीची मदत पडणार असल्याचं निघालं. ज्यांच्या आईबापांकडे सोशल सिक्युरिटी नंबर नव्हता, त्या मुलांना अर्ज पुराच करता येईना. ते मार्चपर्यंत चाललं. सोपेपणाची ही चाल ओळखीची वाटली. आपल्याकडेही 'एक खिडकी योजना' आली की आधीच्या सात खिडक्यांची आठवण यायला लागते.

त्याच वेळी एक बारसंही झालं. अर्जातून जो आकडा निघतो त्याचं जुनं नाव होतं 'अपेक्षित कौटुंबिक वाटा'. अपेक्षा म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर लग्नाची बैठक येते. आमची काही अपेक्षा नाही हो, फक्त तुमच्या मुलीला शोभेल असं करा. कॉलेजांची भाषाही तीच होती. लोकांना वाटायचं, वाटा ठरला, आता तेवढे दिले की झालं. मग बिल त्याच्या दीडपट यायचं आणि वधूपित्याला घेरी यायची. म्हणून २०२४-२५ पासून त्याला 'स्टुडंट एड इंडेक्स' म्हणू लागले. इंडेक्स म्हटलं की कोणी काही मनाला लावून घेत नाही.

हा इंडेक्स शून्याखालीही जातो, उणे १,५०० पर्यंत. आमचे गणिताचे गुरुजी शून्याखाली मार्क देण्याची धमकी द्यायचे, अमेरिकेच्या सरकारने ऐपतीच्या विषयात ते करून दाखवलं. उणे आकडा आला म्हणून वरचे दीड हजार हातात ठेवत नाहीत. जास्त गरजू कोण, ते कॉलेजला ओळखता यावं एवढ्यासाठी ती खूण. अशा मुलांना पेल ग्रँट मिळते. ऱ्होड आयलंडचे सिनेटर क्लेबोर्न पेल यांच्या नावाची ही मदत परत करायची नसते, आणि २०२५-२६ साली ती जास्तीत जास्त ७,३९५ डॉलर होती. आमचा इंडेक्स मात्र असा आला की तिथून शून्य दिसतही नव्हतं.

बायको म्हणाली, "बघू, कसा आला."

मी तिला गणित समजावलं, म्हणजे समजावत गेलो तसं मला समजत गेलं. उत्पन्नातून टॅक्स आणि जगण्याची वजावट जाते, उरतं त्यातला काही हिस्सा चढत्या दराने कॉलेजसाठी धरतात. आईबापांच्या बचतीतला दर शंभर डॉलरमागे वर्षाला फार तर साडेपाच-पावणेसहा डॉलरचा हिस्सा. राहतं घर यात मोजत नाहीत, निवृत्तीची खातीही मोजत नाहीत. मात्र मुलीच्या स्वतःच्या नावावर जे आहे त्याचा दरवर्षी पाचवा हिस्सा. म्हणजे शेजाऱ्यांची पोरं सांभाळून, बर्फ उपसून, आजीने डॉलरमध्ये बदलून पाठवलेली ओवाळणी साठवून तिने जे खातं उभं केलं, त्यावर आमच्यापेक्षा जवळजवळ साडेतीनपट दराने वाटा लागणार.

"बाबा, मग मी सेव्ह का केलं?" लेकीने विचारलं.

लहानपणी तिला मातीचा डुकराचा गल्ला मीच आणून दिला होता. मी फ्रिज उघडून काहीतरी शोधू लागलो.

मूल आईबापांवर अवलंबून आहे की नाही, हे या अर्जापुरतं सरकार ठरवतं, आणि साधारण चोविसाव्या वर्षापर्यंत ते अवलंबून असल्याचंच धरतं. स्वतंत्र खोली घेऊन राहत असेल, आईबाप छदामही देत नसतील, तरी. लग्न केलं, सैन्यात नोकरी केली, आईबाप गमावले, असं काही झालं तरच सुटका. लेकीने हे वाचून दाखवलं तेव्हा लग्नाच्या ओळीवर ती जरा जास्त थांबली असं मला वाटलं. बायकोने तिच्या हातातून लॅपटॉप काढून घेतला.

इथपर्यंतचा सगळा मामला सरकारी. पण दोनशेवर कॉलेजांचं फॅफ्साने समाधान होत नाही. ती स्वतःचे पैसे वाटतात, म्हणून त्यांना आणखी खोलात जायचं असतं. त्यांच्यासाठी कॉलेज बोर्डाचा दुसरा अर्ज आहे, सीएसएस प्रोफाइल. त्याला पहिल्या कॉलेजचे २५ डॉलर आणि पुढच्या प्रत्येकाचे १६ पडतात. आपली ऐपत नाही हे सांगायला पंचवीस डॉलर! उत्पन्न एक लाखाच्या आत असेल तर ते माफ असतात, हेही सांगायला हवं. आमचं आत नव्हतं, त्यामुळे आम्ही आमचं गरिबीचं म्हणणं रोख मोजून मांडलं.

फॅफ्सा पाहुण्यासारखा दिवाणखान्यात बसतो, सीएसएस थेट माजघरात येतो. घर कोणत्या साली घेतलं? कितीला? आज विकलं तर काय येईल? गाडी कुठली, किती सालची? नातेवाइकांकडून काही मदत अपेक्षित आहे का? (लेकीने इथे आजीच्या पाकिटाचे पाचशे एक रुपये डॉलरमध्ये करून 'सहा' लिहिलं.) बायकोच्या पाटल्या कुठल्या रकान्यात लिहायच्या यावर आमच्यात थोडी चर्चा झाली. "त्या माझ्या आहेत, तुझ्या अर्जाच्या नाहीत," या वाक्यावर ती संपली.

आणि मग आला तो प्रश्न: राहत्या घराशिवाय इतर स्थावर मालमत्ता, जगात कुठेही.

तासगाव तालुक्यात आमची वडिलोपार्जित शेती आहे. म्हणजे आहे असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. चुलतभाऊ तिथे राहतो, द्राक्षबाग बघतो, वर्षाकाठी एक बेदाण्याची पिशवी पाठवतो. माझा हिस्सा किती आणि त्याची आजची किंमत काय, हे विचारायला मी त्याला फोन केला. इतकंच विचारलं. पलीकडे शांतता पसरली. द्राक्षावर करपा पडल्यासारखी.

"दादा," तो म्हणाला, "वाटणी पायजे व्हय तुमाला?"

"अरे नाही रे, कॉलेजचा अर्ज भरायचाय. पोरीच्या."

"कंच्या कॉलेजच्या?"

"इथल्या. मॅसॅच्युसेट्समधल्या."

"मग त्यास्नी आपल्या बागंशी काय करायचंय?"

याला उत्तर देणं अवघड होतं. मॅसॅच्युसेट्समधल्या एका टुमदार इमारतीत बसलेल्या बाईंना तासगावच्या रानाची किंमत कळल्याशिवाय माझ्या मुलीची फी ठरवता येत नाही, हे मराठीत सांगताना मलाच ते खोटं वाटू लागलं. संध्याकाळपर्यंत काकांचा फोन आला. त्यांनी फक्त तब्येत विचारली, पण दोनदा विचारली. रात्री आत्या रडल्या. भावाभावांत असं बरं दिसत नाही म्हणाल्या. आईने मला सुनावलं, की बाप जिवंत असता तर तुझी हिंमत झाली नसती. दुसऱ्या दिवशी चुलतभावाने व्हॉट्सॲपवर सातबारा पाठवला. त्यावर सतरा नावं होती. त्यातले दोघे वारले आहेत, एक बहीण लग्न होऊन कर्नाटकात गेली आहे, आणि एक नाव असं आहे की ते कोणाचं हे घरात कोणालाच सांगता येईना.

फॅफ्सात एक सवलत आहे: कुटुंब ज्या शेतावर राहतं, ते शेत मोजायचं नाही. मधली दोन वर्षं ती काढून घेतली होती, २०२६-२७ पासून ती परत आली. पण शेतावर राहतो चुलतभाऊ, आणि त्याला मॅसॅच्युसेट्सला शिकायचं नाही. शेवटी हिशेब केला. सतरांत वाटणी केल्यावर पाच-सव्वापाच गुंठे उरले. त्यांच्या किमतीतून सोसायटीच्या पीककर्जातला माझा हिस्सा वजा, कारण अर्ज कर्ज वजा जाऊनच किंमत मागतो. पाच-सव्वापाच गुंठे उरले. "भाव काय लिहू?" मी चुलतभावाला विचारलं.

"इकायची हाय का?"

"नाही."

"मग तिला भाव कसला?" तो म्हणाला. तासगाव आणि तुळशीबाग यांचं एखाद्या गोष्टीवर इतकं एकमत मी प्रथमच पाहिलं. मी रेडी रेकनरवरून एक आकडा काढून लिहिला. त्या बांधासाठी आजोबा तीस वर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढले होते. रकान्यात तो एका ओळीत मावला.

ऐपत सिद्ध करण्याची ही आमच्या घरातली पहिली वेळ नव्हती. मी इंजिनिअरिंगला गेलो तेव्हा ईबीसी सवलत होती, आर्थिकदृष्ट्या मागास म्हणून फी माफ. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागे, आधी तलाठ्याचा, मग तहसीलदाराचा. वडील सोसायटीत कारकून होते. चार खेपा झाल्यावर दाखला हाती आला, आणि तो त्यांनी शर्टाच्या वरच्या खिशात न ठेवता, घडी करून आतल्या बनियनच्या खिशात ठेवला. एसटीत ओळखीचं कोणी भेटलं तर वरून दिसायला नको म्हणून. घरी आल्यावर तो माझ्या हातात देताना म्हणाले, "याची झेरॉक्स गावात काढू नकोस. सांगलीला काढ."

आपल्याकडे अजूनही तो मामला एका रेघेचा आहे. महाराष्ट्रात राजर्षी शाहू महाराजांच्या नावाच्या फीसवलतीला वर्षाला ८ लाखांची रेघ आहे. २०२४-२५ पासून त्या रेघेखालच्या पात्र प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी पूर्णच माफ झाली. माझ्या मामेभावाचं उत्पन्न आठ लाखांच्या वर काही हजारांनी गेलं, त्या वर्षी त्याने पगारवाढीचे पेढे वाटले आणि पोरीची अख्खी फी भरली. आपल्याकडे रेघ, इथे उतार. रेघेवरून माणूस एकदाच पडतो. उतारावर चार वर्षं घसरत राहतो.

काहींना तर हा उतारही मिळत नाही. एका स्नेह्यांची मुलगी दोन वर्षांची असताना इथे आली. तिचं मराठी माझ्या लेकीपेक्षा बरं आणि इंग्रजी माझ्यापेक्षा बरं. वडील एच-वन-बी व्हिसावर, ग्रीन कार्डाच्या रांगेत, भारतीयांची ती रांग पंढरीच्या दर्शनबारीहून लांब. पंधरा-सोळा वर्षं टॅक्स भरूनही त्या मुलीला केंद्राच्या मदतीतलं काही मिळत नाही, कारण ती ना नागरिक, ना ग्रीन कार्डवाली. तिच्या आईने आमच्या टेबलावरचे अर्ज हातात घेऊन पाहिले. "तुम्हाला निदान नापास तरी व्हायला मिळतं," ती म्हणाली. त्या दिवशी आमच्याकडे अर्जावरचे विनोद बंद होते.

तर कॉलेजं ऐपत कशी ठरवतात? एके काळी, चक्क एकत्र बसून ठरवत. १९५० च्या दशकापासून पूर्वेकडची नामवंत कॉलेजं दर वसंतात एकत्र जमत. आयव्ही लीगची आठ, एमआयटी, आणखी काही, मिळून तेवीस. एकापेक्षा जास्त ठिकाणी निवड झालेल्या मुलांच्या याद्या काढायच्या आणि अमक्याच्या बापाने किती द्यावेत ते आपापसांत जुळवून घ्यायचं. ही 'ओव्हरलॅप' बैठक. मुलगा कुठेही गेला तरी बापाला आकडा एकच. त्यांचं म्हणणं होतं, की यामुळे मुलं पैशाकडे न बघता कॉलेज निवडतात, आणि श्रीमंतांच्या पोरांवर बोली न लावता पैसा गरजूंकडे जातो. म्हणणं अगदीच पोकळ नव्हतं. पण पाच वरपक्ष एका मांडवात बसून वधूपित्याचा आकडा ठरवतात तेव्हा वधूपित्याला त्यातलं तत्त्वज्ञान दिसत नाही. १९९१ साली अमेरिकेच्या न्याय खात्याने खटला भरला. आयव्हीवाल्यांनी समझोता केला. एमआयटी एकटी लढत राहिली आणि १९९३ मध्ये तिनेही मिटवलं. पुढे संसदेने कायद्यात एक फट ठेवली: मुलांची निवड करताना पैसा बघत नसाल, तर ऐपत मोजण्याची पद्धत मिळून ठरवायला २०२२ पर्यंत हरकत नव्हती. त्या फटीत २०२२ च्या जानेवारीत पुन्हा खटला अडकला. पैसा बघता आणि वर पद्धतही मिळून ठरवता, असा आरोप. दहा विद्यापीठांनी चूक कबूल न करता २८ कोटी ४० लाख डॉलर मोजून आपापला विषय संपवला. म्हणजे गिऱ्हाइकाचा खिसा बघणाऱ्यांनाही कधीतरी आपला उघडावा लागतो. बायकोला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "तुळशीबागेत एवढी एकी कधी झाली नाही. म्हणून तर आपण जगलो."

मार्चअखेर पत्रं आली. पहिलं उघडताच पडद्यावर रंगीत कागदांची बरसात झाली. अभिनंदन! तुम्हाला ४१,००० डॉलरची मदत! लेकीने उडी मारली, मी सोफ्यावर बसलो, बायकोने खाली स्क्रोल केलं. त्यातली खरी सूट २६,००० होती. ५,५०० लेकीच्या नावावर कर्ज. २,५०० 'वर्क-स्टडी', म्हणजे लेकीने ग्रंथालयात पुस्तकं लावायची आणि ते पैसे आधी कमवायचे. उरलेले ७,००० माझ्या नावावर कर्ज.

"मला कर्जात टाकून हे मला मदत करतायत?" मी म्हटलं.

"आणि लेकीला कामाला लावून तिला," बायको म्हणाली. "आमच्या वाड्याच्या मालकांची हीच पद्धत होती."

हे एकट्या त्या कॉलेजचं नाही. अमेरिकेच्या सरकारी लेखापरीक्षण कार्यालयाने २०२२ साली अशी पत्रं तपासली, तेव्हा अंदाजे ९१ टक्के कॉलेजं खरा खर्च एकतर सांगत नाहीत किंवा कमी दाखवतात असं दिसलं. पत्र लिहिणाऱ्यांत पुण्यातल्या जुन्या घरमालकांची मुलं असावीत असा बायकोचा दाट संशय आहे.

दुसऱ्या कॉलेजने ३१,००० ची सूट दिली होती, पण लेकीचं मन पहिल्यावर. बायकोने मला बाजूला घेतलं. "तिला सांग, पहिल्याचं नाव काढायचं नाही. शेजारणीकडे बघायचं." मग तिने पहिल्या कॉलेजच्या मदत कार्यालयाला फोन लावला. तिकडच्या बाई फार गोड होत्या. म्हणाल्या, आम्ही घासाघीस करत नाही. ती म्हणाली, मीही करत नाही. त्या म्हणाल्या, परिस्थितीत काही बदल असेल तर 'पुनर्विचार' करतो. कायद्याने मदत अधिकाऱ्याला तो अधिकार दिलेला आहे: घराच्या परिस्थितीत खास काही असेल, तर कागदपत्रं बघून अर्जातला आकडा बदलता येतो. बोनसच्या जागी आलेलं ई-मेल, गुडघ्याची बिलं आणि दुसऱ्या कॉलेजचं पत्र, अगदी सहज सोबत आलं असावं असं, तिने जोडून पाठवलं. आभाराच्या त्या ई-मेलचा मला पहिल्यांदाच काही उपयोग झाला.

"आता?" मी विचारलं.

"आता चालायला लागायचं. मागे वळून बघायचं नाही." १ मेपर्यंत होकार कळवायचा होता, वेळ होता. एक दिवस म्हणजे एक पाऊल, असं तिचं गणित. लेक दर तासाला इनबॉक्स बघत होती, मी दर अर्ध्या तासाला, आणि बायको भिंतीवरच्या कालनिर्णयावर रोज रात्री एक फुली मारत होती.

ई-मेल गुरुवारी आलं. सूट ४,००० डॉलरने वाढवली होती. दर वर्षी, चारही वर्षं. लेकीने किंचाळून आजीला व्हिडिओ कॉल लावला. मी चार गुणिले चार करून पाहिलं, पुन्हा एकदा करून पाहिलं. आई तिकडून विचारत होती, की मग आता आमच्या रानाला हात लावणार नाहीत ना ते लोक?

बायको कालनिर्णयासमोर उभी होती, हातात पेन, तोंड एवढंसं झालेलं. सोमवार, मंगळवार, बुधवार अशा तीन फुल्या. आजची चौथी मारायची राहिली होती.

"चौथ्याच पावलाला," ती म्हणाली.